पुढची कडी

नोव्हेंबर सरत आला की अल्ता गावात
सूर्य डोंगरामागे नुसता खाकरतो, वर येत नाही.
दुकानातले दिवे मी सकाळपासून विझवतच नाही.

आस्लाउग दारात बूट आपटत आली
आणि काहीतरी चोरायला आल्यासारखी म्हणाली,
‘सिग्नी, हार्नेस हवाय. चालायचा.’

मला हसू आलं, मी ते गिळलं.
अर्ध्या फिनमार्कची कुत्री हिने शिवलेले पट्टे घालून
स्लेज ओढत आली आहेत.
हिने आजवर एकही हार्नेस विकत घेतलेला नव्हता.
पण आता उजव्या खुब्यात पोलाद,
आणि गाउपा अकरा वर्षांची,
बाकीची सगळी कुत्री भाच्याकडे गेलेली.

पहिला घातला तो लाल.
दिसायला देखणा, पण छातीवरचा पट्टा आडवा,
नेमका खांद्याच्या सांध्यावर.
आस्लाउग म्हणाली, ‘पाय टाकायचा कुठून तिने?’
दुसरा सैल होता.
गाउपाने मान खाली घातली, दोन पावलं मागे सरकली,
आणि हार्नेस जमिनीवर सोडून
बिस्किटांच्या फळीकडे निघाली.
‘रस्त्यावर असं झालं तर?’ मी म्हणाले.
‘रस्त्यावर ती बिस्किटांकडे जाणार नाही,’ आस्लाउग म्हणाली.
मग दोघीही गप्प. बाहेरून बर्फाचा नांगर गेला.

टेप काढली. मानेच्या बुडाशी एक माप,
पुढच्या पायांच्या मागे, बरगड्या सर्वांत खोल तिथे दुसरं.
हिवाळ्याची लोकर धरून, कारण ती काही घरी ठेवून फिरायची नाही.
बगलेपासून पट्टा चार बोटं मागे, म्हणजे काचत नाही.
पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत.
‘कोणाची?’ आस्लाउगने हात पुढे केला.
तिचं मधलं बोट पेरभर कमी,
एका जानेवारीने खाल्लेलं,
उरलेली दोरखंडासारखी जाड.
‘माझी,’ मी म्हणाले.

तिसरा बसला.
गळा मोकळा, खांदे मोकळे,
बक्कल धातूचं; प्लास्टिक उणे तीसला टचकन तुटतं.
मी दोरी पाठीवरच्या कडीत अडकवली
आणि खट् आवाज झाला मात्र,
गाउपाचं वय गळून पडलं.
कान मागे, पोट जमिनीजवळ,
सगळं अंग एक सरळ रेघ.
छातीवर पट्टा चढला म्हणजे निघायचं,
एवढंच तिला कोणीतरी शिकवलं होतं.
ते कोणीतरी आता काउंटर धरून उभं होतं
आणि खुब्यातलं पोलाद शिव्या देत होतं.

माप जुळलं, शिवण पक्की.
पण ही ओढ कुठल्या बक्कलात आवळायची?

मी गुडघ्यावर बसले,
दोरी पाठीवरून काढून छातीवरच्या कडीत घातली.
गाउपाने पुन्हा जोर लावला
आणि तिच्याच जोराने ती वळली,
पूर्ण उलटी,
नाक आस्लाउगच्या गुडघ्याला लागलं.
चक्रावली. पुन्हा ओढलं. पुन्हा वळली.

अकरा वर्षं धावताना आस्लाउगने पाहिलं होतं ते
सगळ्यांच्या पुढचं शेपूट,
पाठ, आणि पाठीवरून मागे येणारी वाफ.
तोंड दिसायचं ते जुंपताना आणि सोडताना,
तेही घाईत, कपाळदिव्याच्या उजेडात.

‘तुझी भुवई पांढरी झालीय की,’
ती कुत्रीला म्हणाली,
मला नव्हे, तरी मी माझ्या भुवईला हात लावला.

चमकणारी पट्टी जास्तीची लावून दिली.
जिन्यासाठी पाठीवर मूठ हवी का, विचारलं;
म्हणाली, ‘कोणाच्या पाठीवर?’
पैसे मोजून दिले, एक हातमोजा विसरला.

तो घेऊन मी दारापर्यंत गेले.
दुपारचे दोन, गच्च काळोख.
रस्त्यावर ती पट्टी दिसत होती:
चार पावलं पुढे, मग गर्रकन मागे,
चार पावलं पुढे.
चर्चच्या कोपऱ्यापर्यंत त्यांना पाव तास लागला असेल.
मी हाक मारणार होते.
मोजा अजून गल्ल्याजवळ पडून आहे.