मेण

लुजेन्दा नदीच्या अलीकडे, जिथे मियोम्बोची झाडं
पाऊस यायच्या आधीच तांबडी पालवी फोडून बसतात,
तिथे माझा थोरला भाऊ अनाफी
एका पाखराशी बोलायचा.

ब्रर्रर्र-हं. असं. जीभ टाळूशी थरथरवायची
आणि शेवटी हुंकार द्यायचा, गोष्ट ऐकणाऱ्याने द्यावा तसा.
ही हाक बापाने शिकवली, बापाला त्याच्या बापाने.
पाखराला कुणी शिकवली, ते आम्ही विचारलं नाही.

दिसायला म्हणाल तर चिमणीचं मावसभावंड,
मातकट, दारात आलं तरी लक्ष जाऊ नये असं.
पण बोलायला लागलं की काडेपेटी खुळखुळावी:
चल चल चल चल,
आणि आपण कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघायचं.

करार साधा होता.
पोळं त्याला ठाऊक, धूर आम्हाला.
मध आमचा, मेण त्याचं.
हिरव्या पानावर ठेवायचं, पाठ फिरवायची.
कुणी जेवत असताना त्याच्या घासाकडे बघू नये.

त्या वर्षी अनाफीचं लग्न ठरलं.
मुलीच्या बापाला छपरासाठी पत्रे हवे होते, बारा.
अनाफीने मातीत काडीने हिशेब मांडला
आणि मेण उचलून विस्तवात टाकलं.
"पोट भरलं की झोपतं ते. उपाशी ठेव,
दुसरं पोळं दाखवेल."

खोटं नव्हतं. दिवसात तीन पोळी निघाली.
जळत्या मेणाचा वास गोड असतो, हे मला तेव्हा कळलं.
पाखरू वरच्या फांदीवर बसून चोच पुसत होतं,
एकदा या बाजूने, एकदा त्या,
न जेवता उठलेल्याने हात पुसावेत तसं.

चौथ्या सकाळी ते आपणहून आलं.
ओढ्याच्या अंगाने निघालं, खाली खाली,
गवत माझ्या डोक्याच्या वर गेलं तरी थांबेना.
मी म्हटलं, इथे झाडं कुठायत?
अनाफी म्हणाला, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं.

आधी वास आला.
मग गोल तुडवलेली जमीन, खळ्यासारखी स्वच्छ.
आणि मधोमध रानरेडा.
मागचा पाय वायरीत, वायर बुंध्याला,
बुंध्याची साल पार हाडापर्यंत सोललेली.
सायकलच्या ब्रेकची वायर.
गाठ मी ओळखली. ती मीच मारली होती,
एप्रिलात, अनाफी शेजारी उभा राहून सांगत असताना.
मग मका कापायला आला, आणि आम्ही विसरलो.

तो विसरला नव्हता.

वायर तुटल्याचा आवाज फार बारीक असतो.
अनाफी वारुळापर्यंत पोचला, वर पोचला नाही.
मी झाडावर होतो. कसा चढलो, अजून आठवत नाही.

अनाफी मेला नाही. मेकुलाच्या रस्त्यावर
खोक्यात बसून फोनचं रिचार्ज विकतो,
डावा पाय बाकड्यावर सरळ ठेवून.
पत्रे दुसऱ्या कुणाच्या तरी घरावर चढले.
गावात म्हातारी अचिवा सगळ्यांना सांगते,
पाखराने उट्टं काढलं.
शहरातून आवाज टिपायचं यंत्र घेऊन आलेली बाई म्हणाली,
पाखरं असा डाव धरत नाहीत.
दोघीही माझ्याच अंगणात बसून, माझाच चहा पिऊन.

पुढच्या वर्षी मी तिथे एकटा गेलो.
वारुळाच्या पलीकडे, तीस पावलांवर,
वठलेला एक बुंधा, बुंध्याला ढोली,
आणि ढोलीच्या तोंडाशी माशांची ये-जा,
संध्याकाळच्या मशिदीच्या दारासारखी.

म्हणजे ते सरळच नेत होतं.
वाटेत जे होतं, ते आम्ही ठेवलेलं होतं.

हे मी अचिवाला सांगितलं नाही. बाईलाही नाही.
अनाफीला सांगायला दोनदा गेलो,
दोन्ही वेळा वीसचं रिचार्ज घेऊन परत आलो.

आता मेण मी दुप्पट ठेवतो, पाठ फिरवतो.
रेड्याचा माग अजून कधीतरी नदीकाठी दिसतो,
तीन खूर खोल, आणि चौथ्याच्या मागे
चिखलात ओढत गेलेली एक बारीक रेघ.
ती रेघ दिसली त्या दिवशी मी हाक मारत नाही.

पाखरू मारतं.
चल चल चल चल.