नाव काढणं

माझं काम नाव काढण्याचं.
लौकिक मिळवून काढतात तसं नव्हे;
ओला रेनकोट काढून दारातच टांगावा,
तसं काढायचं.
आत जातो फक्त आकडा.

लेवार्डनच्या इस्पितळात तळमजल्यावर
धुलाईघराला लागून माझी खोली.
भिंतीपलीकडे दिवसभर चादरी गरगरतात.
डॉक्टर वर लिहितात, मी खाली वाचते
आणि रकान्यांत भरते:
पेशी किती, विषाणू किती, गोळ्या कुठल्या,
बदलल्या तर कधी, आणि का.
देशभरात माझ्यासारख्या आणखी काही बायका, दोन पुरुष.
वर्षातून एकदा भेटतो, वाटाण्याचं सूप पितो,
कुणाबद्दल काही बोलत नाही.

आठ हजार एकशे चौदा.
सत्त्याण्णवचा फेब्रुवारी, पेशी चाळीस.
खाली डॉक्टरांच्या किरट्या अक्षरात एक ओळ:
'पियानो विकला. म्हणतो, आता कशाला.'
मी चाळीस भरले.
पियानोला रकाना नव्हता.

मग त्या नव्या गोळ्या. मुठीत मावेनात इतक्या,
काही उपाशीपोटी, काही जेवणावर,
एक फ्रिजमध्येच ठेवायची.
एकशे दहा. दोनशे पाच.
मधे एकदा खाली, एकशे साठ (पोट बिघडलं, गोळ्या बदलल्या).
तीनशे नव्वद.
मी भरत होते, आणि वरच्या मजल्यावर
कुणी सावकाश जिना चढत असावं
तसं काहीतरी ऐकत होते.

सहा हजार दोनशे तीन कुरसावहून आलेली.
गोळ्या पिठाच्या डब्यात. मुलीला ठाऊक नाही.
एका हिवाळ्यापासून येईनाशी झाली.
पत्र परत आलं, फोन भलत्याच कुणी उचलला.
अशांसाठी एक खूण असते: 'संपर्क तुटला.'
ती करायला मी तीन आठवडे लावले.
वरून विचारणा झाली, तेव्हा केली.
चार वर्षांनी झ्वोलहून फोन:
'अगं तीत्स्के, जन्मसाल बघ, जुने अहवाल बघ,
ही तुझीच दिसते.'
दोन आकड्यांचा एक केला.
नियमावलीत याला 'दुरुस्ती' म्हणतात.
त्या संध्याकाळी कालव्याच्या पुलावर
पुढे कुणी नसताना
मी सायकलची घंटी वाजवली.

सगळे सापडत नाहीत.
माझ्याकडे अजून एकोणीस खुणा तशाच आहेत.

वर्षाखेरीस अहवालात सगळे मिळून एक रेघ होतात.
रेघ वर जाते, हेगमधले लोक माना डोलावतात.
खोटं नाही त्यात काही.
रेघेमुळेच तर कळलं
कुठली गोळी हाडं झिजवते,
कोण अजूनही फार उशिरा येतं दाराशी.
पण माझी नजर जाते रेघेच्या पार डाव्या टोकाला,
जिथे ती कागदाला जेमतेम चिकटून आहे.
तिथे कुठेतरी ते चाळीस.

आठ हजार एकशे चौदा आता एकाहत्तर वर्षांचा.
विषाणू मोजण्याइतका नाही, एकवीस वर्षं झाली.
इतक्यांदा तेच लिहिलं की
बोटं न बघता लिहितात.
मंगळवारी नव्या डॉक्टरीणबाईंची टाइप केलेली नोंद आली:
'सकाळी हात आखडतात. डावी करंगळी
आता पूर्ण सप्तक गाठत नाही, ही मुख्य तक्रार.'

संधिवाताला रकाना आहे.
हे रकाने मागाहून जोडले: हाडं, हृदय, साखर, विसर.
सुरुवातीला आराखडा करताना
कुणी म्हातारपण धरलंच नव्हतं.

कधी घेतला परत? तोच, की दुसरा?
कुणी चढवला त्या अरुंद जिन्यावरून,
की खिडकीतून दोर लावून?
विचारायची सोय नाही.
सुरुवात: या वर्षी. तीव्रता: सौम्य.
खूण केली.

भिंतीपलीकडे चादरी थांबल्या होत्या.
टेबलावर मी माझीच डावी करंगळी
ताणून पाहिली,
कुठवर पोचते.