नारिंगी डाग

स्टेडियमच्या पोटात, दोन जिने खाली,
जिथे टाळ्या फक्त पाइपांच्या थरथरीतून पोचतात,
तिथे माझी सहा मशीनं.
मॅच मी बघत नाही.
सोमवारी कपडे सांगतात.

गेल्या हंगामात सतरा सामने, जिंकले चार.
टोलीडोचा संघ, नाव काचवाले.
हरलो की पेपराला मथळा आयता: काच फुटली.
ऑक्टोबर संपेपर्यंत तोही छापेनासे झाले.

हरलेली जर्सी पाठीवर मळते.
हे टीव्हीवरचा कोणी तज्ज्ञ सांगणार नाही.
गडी उताणा पडतो, गवत दोन खांद्यांच्या मध्ये घासतं,
हिरवा पट्टा उठतो;
थंड पाणी, व्हिनेगर, जुना टूथब्रश.
जिंकणाऱ्याचे गुडघे मळतात, कोपरं, छाती,
आणि शेवटची रेघ ओलांडून कोणी पलीकडे पडला
तर तिथे जमिनीवर फवारलेला नारिंगी रंग
बाहीला धरून खाली येतो, माझ्यापर्यंत.
त्या रंगासाठी वेगळी बाटली असते.
गेल्या वर्षी ती निम्मीसुद्धा संपली नाही.

तरी एकेचाळीस-तीनने हरले त्या सोमवारी
लोतो खाली आला होता. नंबर एकाहत्तर.
दारातून तिरका होऊन शिरायचा.
म्हणाला, बर्नी, माफ कर, पाठ फार मळली.
आणि ओल्या कपड्यांचा टब
मी नको नको म्हणेपर्यंत सिंकपाशी नेऊन ठेवला.
सॉल्ट लेकहून आईने धाडलेला नारळातला पाव
त्याने ड्रायरवर गरम केला.
आम्ही उभ्याउभ्याच खाल्ला.
त्याच्या अंगठ्याला पट्टी होती, त्यालाही खोबऱ्याचा वास.

मार्चमध्ये वरून यादी आली,
उसवायच्या नावांची.
तौफाहेमा, इंग्रजीत नऊ अक्षरं,
वीस मिनिटं लागली, एक सुई मोडली.
नव्या एकाहत्तरचं नाव रस्क. चारच अक्षरं.
ती मधोमध बसली
आणि दोन्ही अंगांना भोकं उरली, बारीक, रांगेत.

यंदा अकरा जिंकले.
बाटल्या पेटीने मागवाव्या लागल्या.
सोमवार सोमवार नारिंगी,
कॉलरला नारिंगी, एकदा तर मोज्याच्या आत.
बँकेतली बाई, जिने मला तीन वर्षांत मान वर करून पाहिलं नव्हतं,
विचारू लागली, खेळाडू कसे वास मारतात हो?
माझा नवरा डेल, काचकारखाना बंद झाल्यापासून घरी.
गेल्या नोव्हेंबरात टीव्ही गराजमध्ये नेऊन ठेवला होता त्याने,
तो सप्टेंबरात पुसून परत आणला.
गेल्या वर्षी 'ते' हरले होते.
यंदा 'आपण' जिंकतो.

रस्क चांगला खेळतो. पाठ कोरी असते त्याची.
आवाज कसा आहे, मला माहीत नाही.

जानेवारीत बाद फेरी, शेवटची लाथ,
चेंडू खांबाला लागून बाहेर.
शहर रडलं.
आधीच्या वर्षी तेरा वेळा हरलो
तेव्हा कोणाच्या डोळ्याला पाणी नव्हतं;
आशा महाग वस्तू, फुटली की आवाज होतो.
डेल दोन दिवस जेवला नाही नीट.
मग म्हणाला, तू सांग, दोन्ही हंगाम तू धुतलेस,
खरं बघता कुठला बरा?
मी म्हटलं, हिरवा निघतो. नारिंगी निघत नाही.
त्याला वाटलं मी थट्टा करते.

त्या सोमवारी रस्कची पाठ पहिल्यांदाच हिरवी आली.
कापड भिजलं की भोकं ठळक दिसतात,
त्याच्या नावाच्या अलीकडे, पलीकडे.
लोतो सध्या कुठे असतो, कोणाला विचारायचं ते कळलं नाही.
मी ब्रश घेतला.
पाणी थंडच ठेवलं.