कोणाच्या वतीने

लष्करात, दौलतगंजच्या चढावर
(ग्वाल्हेरात लष्कर म्हणजे फौज नव्हे,
रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता)
पोस्टमनने गाडी बंद न करताच हाक दिली,
"आनंदराव घोरपडे? यहाँ साइन कर दो."

परदेशी तिकीट. आत चार पानं
आणि एक ठळक ओळ:
त्या रात्रीची आपली वही आम्हांला हवी आहे.

वही आहे. गव्हाच्या कोठीमागे,
निळ्या टोपीत गुंडाळलेली.
टोपीला कसर लागली, वहीला नाही.

तेव्हा मी नायक. हुकूम असा:
पाहा. नोंद करा. मध्ये पडू नका.
पाहिलं.
२१.४० पहिलं छप्पर.
२१.५५ दुसरं, तिसरं.
२२.१० विहिरीकडून ओरडा. मग नाही.
अक्षर बघा कसं वळणदार,
जनकगंजच्या शाळेत गिरवलेलं.

पहाटे एक बाई तारेच्या कुंपणाशी आली,
माझ्या टोपीवरल्या पृथ्वीकडे बोट दाखवून
काहीतरी म्हणाली.
दुभाष्या म्हणाला, विचारते आहे,
हे कोणत्या राजाचं निशाण?
मी म्हणालो, सगळ्यांचं.
त्याने ते तिला सांगितलं की नाही, ठाऊक नाही.
ती हसली मात्र.

मुलगा इथल्याच हायकोर्टात वकील.
बाबा, आपल्या देशाने ते न्यायालय मानलेलंच नाही.
त्यांचा तुमच्यावर अधिकार काय?
बरोबर आहे त्याचं.
त्या रात्री माझाही कुणावर नव्हता.
तेही कागदोपत्री बरोबरच होतं.

सोळा वर्षांत शाल मिळाली, नारळ मिळाला,
महाराजबाड्यावर एकदा भाषणही झालं माझं,
शांती या विषयावर.
वेळ कुणी विचारली नाही.
आता एका थंड शहरात, जिथे घोरपडे
कुणाच्या जिभेवर बसायचं नाही,
कोणीतरी चष्मा पुसून विचारतंय:
पहिलं छप्पर नक्की किती वाजता?

सोबतच्या अर्जात सातवा रकाना:
आपण कोणाच्या वतीने साक्ष देता?
पलटण लिहिलं. खोडलं.
देश लिहिलं, तेही.
त्या बाईचं नाव मी विचारलंच नव्हतं.

रकाना तसाच ठेवून
कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो.
सगळी पानं, म्हटलं, कोरीसुद्धा.
त्याने वही सोडवली, टोपी उलटसुलट केली,
काच पुसली.
"काका, इसकी भी निकालूँ?"