चौदा जागा

सांवेर रोडला एका गेटातून
पाच कंपन्या आत जातात.
पाट्या पाच, वॉचमन एक, कुत्रा एक.
पुणतांबेकर फिल्म्स, पुणतांबेकर पाऊच,
मालती इंक्स, आईच्या नावाची, कायम तोट्यातली,
एक ट्रान्सपोर्ट, आणि एक अशी
जी काहीच करत नाही,
फक्त बाकीच्या चौघींकडून भाडं घेते.

मी आयडी वाटते.
ऑफर लेटरवर हुद्दा भारदस्त होता,
प्रिंटिंगच्या पोरांना मी आयडीवाल्या ताई.
माझ्या कीबोर्डात जीरावन अडकलंय, झेड दोनदा दाबावा लागतो.

सॉफ्टवेअर सगळ्यांचं एक, परवाना एक.
जागा चौदा, माणसं एकतीस.
पंधरावा आला की पडद्यावर करडी चौकट :
जागा शिल्लक नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा.

घेतला तेव्हा दोघे भाऊ एका डब्यात जेवत.
मग वाटणी झाली. मशिनं वाटली,
रतलामची गिऱ्हाइकं इकडे, उज्जैनची तिकडे,
कॅन्टीनच्या मधोमध प्लायवूड उभं राहिलं :
फ्रिज मुकुंदरावांकडे, त्याचा प्लग श्रीरंगरावांकडे.
परवान्याला मात्र करवत लागेना.
वेगळा घ्यायचा तर अठरा लाख,
आणि अठरा लाखांचा राग कुणालाच परवडत नव्हता.

म्हणून वीस तारखेला संध्याकाळी सातला,
जीएसटीचं पोर्टल धापा टाकत असताना,
प्लायवूडपलीकडून फोन येतो :
"ताई, एक सीट खाली करवा दो, रिटर्न अटका है."
मी बघते कोण उगाच आत बसलंय.
डिस्पॅचचा बोरगावकर. लॉगिन उघडं टाकून चहाला.
त्याला बाहेर काढते,
त्याचं अर्धं चलान त्याच्याबरोबर जातं.
नर्मदेचं पाणी यायच्या आधी
आमच्या सुदामा नगरात टँकरपाशी असंच चालायचं.

परवा पत्र आलं. वापराची तपासणी.
वर्षाची नोंद पाठवा : कोण, कुठल्या कंपनीत, किती वेळ.
रात्री साडेनऊपर्यंत बसले.
त्यात एक नाव रोज, सकाळी नऊ चाळीसला.
वापरकर्ता : मुकुंद पुणतांबेकर.
कंपनी : मालती इंक्स, जी धाकट्याकडे गेली.
अधिकार : फक्त पाहणे.
चाळीस मिनिटं, कधी पन्नास.
ना व्हाउचर, ना प्रिंट.
येणे बाकीची यादी,
पान एक, पान दोन, परत पान एक.

पत्रासोबत एक अर्जही होता.
इतक्या कंपन्या एका परवान्यावर चालवता, तर नातं दाखवा.
नातं म्हणजे निम्म्याहून अधिक हिस्सा.
आणि सोवनी सीएंनी, कुणाला दुखायला नको म्हणून,
सगळीकडे पन्नास-पन्नास करून ठेवलेलं.
पन्नास म्हणजे निम्मं.
निम्म्याहून अधिक नाही.
कागदोपत्री हे एकमेकांचे कुणी नव्हेत.

केबिनमध्ये गेले.
"कितीनं कमी पडतंय?"
"एक शेअर."
"दर्शनी किंमत?"
"दहा रुपये, साहेब."
ते हसले नाहीत.
हात खिशाकडे गेला खरा,
पण चष्म्यासाठी.

आज वीस. सात वाजून पाच.
तपासणीमुळे की कशामुळे, पण
साहेबांचा हिरवा ठिपका आज संध्याकाळीही लागलेला.
फोन वाजायच्या आतच तो विझला.
मी काढलं नव्हतं.
तेरा.
प्लायवूडपलीकडे कुणाची तरी खुर्ची सरकली.
चौदा.

अर्ज अजून तसाच, मसुद्यात,
'नाते' या रकान्यापर्यंत भरलेला.
आणि दारात बोरगावकर :
ताई, माझ्या चलानाचं काय?
थांब जरा, म्हटलं,
आत जागा नाही.