अर्धा तांब्या

आमच्या गावात जमीन खणली की खारं लागतं.
हापशीच्या पाण्यात डाळ शिजत नाही,
साबण फेस धरत नाही,
आणि नवा पाहुणा पहिला घोट घेतो
अन् घटकाभर आढ्याकडे पाहत बसतो.

गोडं पाणी पूर्णेपल्याडून यायचं,
बैलगाडीवर, टिपाडात,
बुधवारी आणि शनिवारी.
मधले दिवस झाकून ठेवायचे.
माय तांदळाच्या धुवणात भांडी विसळायची,
ते विसळण दोडक्याच्या वेलाला,
आणि दोडका वेलावरच वाळला
की त्याच्याच जाळीनं भांडी.
याला कुणी नाव दिलं नव्हतं.
रिकामं टिपाड वाजतं,
एवढंच आम्हा पोट्ट्यांना कळत होतं.

जैबुन पिंजाऱ्याची.
त्यांच्या घरी कापूस मरत नसे.
यासीनचाचा जुनी गादी उसवायचा,
तारेवर तांय तांय उडवायचा,
आज्याच्या कुशीखालचा दबलेला कापूस
नातवाच्या दुपट्यात फुलून बसायचा.
जैबुनच्या भुवयांवर सदा पांढरं;
मी फुंकर मारायची,
ती डोळे मिटून उभी राहायची.

दिवाळीआधी दर्यापूरच्या बाजारातून
एक सीताफळ आलं, दोघींत एक.
बिया मोजल्या. एकोणचाळीस.
सगळ्या पेरल्या शाळेमागच्या कुंपणाशी,
जिथं उन्हाळ्यात काळी माती
मिठानं पांढरी पडते.
पावसाळ्यात एकच वर आली.
जैबुननं चिरा गेलेलं मडकं आणलं,
रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलं,
तोंडावर चपटा दगड.
ठरलं असं:
एक दिवस तिचा, एक दिवस माझा,
आपल्याच प्यायच्या वाट्यातलं
अर्धा तांब्या.

मे महिना.
भांडण झालं नव्हतं. रुसवाही नव्हता.
नुसती तहान लागली होती.
कुंपणाआड उभ्यानं मी माझा अर्धा तांब्या प्याले,
हापशीवरून भरून आणला,
मडक्यात ओतला.
पाणी पाण्यासारखंच दिसलं.
मग पुन्हा एकदा.
मग मोजलं नाही.

पानांच्या कडा तांबूस झाल्या.
एका दुपारी मी दुरून पाहिलं:
जैबुननं दगड सरकवला,
बोट बुडवलं,
जिभेला लावलं.
मला वाटलं, आता वळेल.
ती वळली नाही.
दगड होता तसा ठेवला,
अगदी होता तसा.

दुसऱ्या दिवशी माझी पाळी.
मी गेले तर मडकं आधीच काठोकाठ.
तिसऱ्या दिवशी तिची. पाचव्या दिवशी माझी,
तरी काठोकाठ.
हातातला खारा तांब्या
मला तिथंच उभ्यानं प्यावा लागला.
तिचे ओठ त्या उन्हाळ्यात फुटलेले होते.
मी विचारलं, काऊन वं?
म्हणे, ऊन लय हाय.

आता गावात फिल्टर आहे.
पाच रुपयांत वीस लिटर,
टिपाडं भंगारात गेली.
मशीन जेवढं गाळतं
जवळपास तेवढंच नालीत फेकतं.
जैबुन तिथं बादली लावून उभी असते,
पोरं हसतात.
‘खारं तं खारं, ढोरांचा कोठा तं धुतल्या जाते.’
शाळेच्या टिनावरचं पावसाचं पाणी
तिनं भांडून भांडून टाक्यात उतरवलंय.
भुवया आता कापसाशिवाय पांढऱ्या.

झाड आहे.
एका अंगानं खुरटलेलं,
कुठल्या अंगानं ते आम्ही दोघी बोलत नाही.
यंदा फळ आलं, मुठीएवढं.
तिनं फोडलं, मोठी फाक मला दिली.
मी म्हटलं, जैबू, त्या वर्षी मी…
ती तळहातावर बिया थुंकत होती.
‘मोज वो आधी,’ म्हणाली.

मोजल्या.
बावीस तिच्या, सोळा माझ्या.
एक मी अजून
जिभेखाली धरून आहे.