गुळव्याची बायको महिना निवडते

राजारामपुरीत सातव्या गल्लीला
शिरगुप्प्यांच्या पोरानं काचेखालचं अख्खं वर्ष
माझ्याकडं तोंड करून फिरवलं.
"काकू, डिसेंबर ते मार्च.
समुद्र तेव्हा पाटावर बसवलेल्या पोरासारखा."

मला हसू आलं.
डिसेंबर ते मार्च आमच्या घरात
नवरा नसतो, त्याचा वास तेवढा असतो.
मळीचा, धुराचा, पेटलेल्या चिपाडाचा.
पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचा सौदा निघाला
की वडणग्याच्या गुऱ्हाळावर गेलेला माणूस
होळीला परततो, भुवया करपवून.

भैरू गुळव्या म्हणतात त्यांना.
घड्याळ नाही, काटा नाही, यंत्र नाही.
काहिलीतला रस वर उचलून उजेडाकडं धरतात,
थेंब पाण्याच्या वाटीत सोडतात,
बोटांत गोळी वळून काठावर आपटतात
आणि ऐकतात.
मग म्हणतात, "उतरा."
एक श्वास अलीकडं, तर रवा बसत नाही.
एक श्वास पलीकडं, तर काळा पडतो.
असल्या माणसाला मी तीस वर्षं विचारतेय
कधी जायचं,
आणि तो म्हणतो, बघू.

गोदाक्काला सांगितलं तर ती चाळण खाली ठेवून म्हणाली,
"अंदमान? कुणी काय गुन्हा केलाय गं?"

एप्रिल होता मोकळा.
पण चैत्रात जोतिबा, सासनकाठीला आमचा खांदा.
मे होता.
पण भावकीतली तीन लग्नं, शाळेची सुट्टी,
खोलीचा दर दुप्पट.
दिवाळीआधी चुलवाण लिंपायचं असतं.
शिरगुप्प्यांचा पोरगा बोटानं महिने ओलांडत गेला
आणि एका पानावर न थांबता पुढं सरकला.
मी त्याचं बोट धरलं.

"हा?"
"जुलै नको काकू. बोटी सुटतील, न सुटतील.
पाण्याखालचं काही दिसत नाही.
जंगलात जळवा.
लोक नुसते खोलीत बसून राहतात."

लोक नुसते खोलीत बसून राहतात.
मी ते मनात दोनदा म्हटलं.
भर दुपारी. दोघं. बसून.
कुणी हाक मारत नाही, उसाची गाडी येत नाही,
कुणाला भाकरी बांधून द्यायची नाही.
दाराबाहेर नारळ वाकतायत
आणि हा माणूस माझ्याशेजारी आहे,
चुलवाणाशेजारी नाही.

"जुलै," मी म्हणाले.
"पैसे परत मिळणार नाहीत, काकू."
"कोण मागतंय?"

रात्री ताटावर त्यांना सांगितलं.
त्यांनी घास तसाच धरला, उजेडाकडं,
रस धरतात तसा.
बराच वेळ काही ऐकत राहिले.
मला वाटलं, बघू म्हणणार.
ते म्हणाले, "आन् बोटी बंद झाल्या तर?"
"तर मग बेटावरच."
"किती दिवस?"
"सुटेपर्यंत."
भुवयांच्या जागी जे काही उरलंय
ते वर गेलं.

आता पिशवी भरतेय.
दोन छत्र्या, गोदाक्कानं दिलेलं जळवांसाठी मीठ,
कांदा-लसूण चटणीचा डबा तिहेरी गुंडाळून.
त्यांनी स्वतः एक ढेप आणून ठेवली वर,
यंदाच्या शेवटच्या काहिलीची,
पिवळीधमक.
मी म्हटलं, "तिथली हवा ओली,
गुळाला पाणी सुटंल."

ते चेन ओढत होते पिशवीची.
म्हणाले,
"सुटू दे की."